वाकळीआडून पोचलेला आवाज

आदरणीय मामा,

सा.न.वि.वि.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते.

कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. लोकांना सातबारा स्वतःच बघता यावा म्हणून मी कॉम्प्युटरचा स्क्रीन रेकॉर्ड करून व्हिडिओ करायला लागले. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा, गट नंबर टाका, एवढंच सांगायचं. पण गगनबावड्याकडच्या एका मावशींनी ‘गट नंबर’च्या जागी ‘घर नंबर’ ऐकलं आणि घराचा नंबर घालत बसल्या. दोन दिवस. त्यांच्या लहानशा मोबाइलवर अक्षरं वाचता येत नव्हती, त्यांची सगळी भिस्त माझ्या आवाजावर होती, आणि तो आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. मला फार अपराधी वाटलं.

तुम्ही आलात, आणि माइकला हात न लावता म्हणालात, “ताई, आधी गप बसायचं. एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची आन् ऐकायची.” त्या एका मिनिटात मला पंखा ऐकू आला, लॅपटॉपची घरघर ऐकू आली, रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली. वर्षभर मी तिथंच बसून बोलत होते, पण ती खोली कधी ऐकलीच नव्हती.

केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकांच्या साउंडवर तुम्ही इतकी वर्षं काढलीत. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला शब्द कळला का, हीच तुमची फूटपट्टी. माझी शेवटची रांग गगनबावड्यात आहे, हे तुम्ही मला न सांगता दाखवलंत.

दुकानदारानं मला महागडा माइक गळ्यात मारला होता. तो लांबचाही आवाज पकडायचा, आणि उघड्या भिंतींवरून, फरशीवरून परत येणारा आवाजही. एकच शब्द दोनदा येऊन आधल्या अक्षरावर पुढचं अक्षर सांडायचं. ‘गट’चं ‘घर’ तिथंच झालं. तुम्ही साधा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलात आणि घरून आईंच्या हातची वाकळ आणून माझ्या समोरच्या भिंतीवर टांगलीत. मी विचारलं होतं, नॉइज सप्रेशनचा, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणारा फिल्टर आहेच की? तुम्ही तो पूर्ण चढवून माझाच आवाज ऐकवलात, पाण्यात बुडून बोलल्यागत. पंख्याची घरघर फिल्टरनं कमी होते, भिंतींचा घुमारा त्यानं जात नाही. तो खोलीतच मारावा लागतो.

मग ओबीएस, म्हणजे मी स्क्रीन रेकॉर्ड करते तो प्रोग्राम. कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरवर चालू असल्यानं तोच पुन्हा माइकमध्ये शिरत होता. तुम्ही वायरचे इअरफोन घालायला लावलेत. ब्लूटूथवाल्यांचा माइक चालू केला की ते फोन कॉलसारख्या निकृष्ट आवाजावर उतरतात, हेही तेव्हाच कळलं. आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरचं तर तुम्ही एका वाक्यात संपवलंत: “पिवळ्यात बोला, तांबड्याला शिवू नका.” तांबड्यातून पुढं शून्य डेसिबल ओलांडून फाटलेला आवाज नंतर कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो.

माझा आवाज एका ट्रॅकवर, कॉम्प्युटरचा दुसऱ्यावर. आता मध्येच नोटिफिकेशन वाजलं तर तेवढंच कापते, अख्खा व्हिडिओ पुन्हा करत नाही. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल प्रकारात ठेवायला सांगितलंत त्याचं मोल जूनच्या वादळात कळलं. वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला, पण तोवरची अठरा मिनिटं शाबूत होती. नेहमीचं साधं एमपी४ असतं तर फाइल बहुधा उघडलीही नसती.

नवा व्हिडिओ सगळ्यात आधी त्या मावशींना पाठवला. गट नंबर बरोबर घातला आणि त्यांनी फोन केला, “तू शेजारी बसून सांगालीस असं वाटलं गं.”

मामा, तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतलात. तुमची वाकळ अजून माझ्या भिंतीवर आहे. दिवाळीआधी ऊन बघून धुते आणि आणून देते. तोवर पीक विम्याचे दोन व्हिडिओ राहिलेत, तेवढे तिच्या आडोशानं करू द्या.

तुमची,
फॉर्मवाली ताई