दशावतारी नटाची तयारी दिसत नाही, म्हणून ती नसते असे नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की दक्षिण कोकणातील दशावतारी नाटकांवर कौतुकाचे लेख येऊ लागतात आणि ‘लिहिलेली संहिता नाही, तालीम नाही, सारे ऐनवेळी सुचलेले’ हे वाक्य त्यांत हमखास असते. यातील वर्णन खरे आहे; पण त्यातून या नटांना तयारीच लागत नाही असा जो समज पसरतो, तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

रंगपटात तोंडाला रंग लावता लावताच त्या रात्रीचे आख्यान, प्रवेशांचा क्रम आणि कोणी कोणते पात्र करायचे हे सांगितले जाते. संवाद रंगमंचावरच जन्म घेतात. मात्र एवढ्या सूचनेवर ज्याला रात्र निभावता येते, त्याच्यापाशी वर्षानुवर्षे ऐकलेले पुराण साठलेले असते. युद्धाला उभ्या राहिलेल्या राजाने एखाद्या वराचा किंवा शापाचा दाखला देऊन प्रश्न टाकला, तर त्याच कथेतला तोडीस तोड दाखला तिथल्या तिथे द्यावा लागतो. ज्याच्याकडे तो नसतो, तो नुसता आवाज चढवतो आणि देवळासमोर बसलेल्या जाणत्या म्हाताऱ्यांना ते लगेच कळते.

याहूनही अवघड आहे ते समोरच्याचे ऐकणे. नटाचे बोलणे चढत चढत पदाकडे वळू लागले की पेटीवाला सूर धरतो, पखवाजावर थाप पडते आणि गद्याचे गाणे होते. त्यासाठी कोणी कोणाला खूण केलेली नसते. निरनिराळ्या कंपन्यांचे कलावंत ज्यात एकत्र येतात, त्या संयुक्त दशावतारात तर याची खरी परीक्षा असते. आधाराला एका बाकड्यापलीकडे काही नसताना, आपलेच पुढचे वाक्य मनात जुळवत राहणारा नट तिथे उघडा पडतो आणि समोरच्याचे शेवटचे वाक्य उचलणारा नट प्रवेश तारून नेतो. (संकासुर या विनोदी असुर-पात्राची मालवणीतली कोटीसुद्धा भटजीचे बोलणे नीट ऐकल्याशिवाय रंगत नाही.)

म्हणूनच या कलेच्या शिबिरांत वेशभूषा आणि ट्रिकसीन (रंगमंचावरची चमत्काराची दृश्ये) यांच्याइतकाच वेळ पोथीवाचनाला आणि प्रश्नोत्तरांच्या सरावाला मिळावा, असे मला कळकळीने वाटते. आपल्या समीक्षकांनीही मुकुटाच्या झगमगाटाबरोबर, कोणत्या प्रश्नाला कोणी काय उत्तर दिले, याची नोंद आवर्जून करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक दशावतारप्रेमी वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग