कर शून्य असताना 'करबचती'ची पॉलिसी कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारी उजाडला की कार्यालयांत गुंतवणुकीचे पुरावे मागणारे अर्ज फिरू लागतात आणि पाठोपाठ विमा एजंट येतात. 'दीड लाख पूर्ण करून टाका, कर वाचेल' हे वाक्य मार्चअखेरपर्यंत कानावर पडत राहते. वर्षाचा पगार पावणेतेरा लाखांच्या आत असलेल्या बहुतेक नोकरदारांसाठी आर्थिक वर्ष 2025-26 पासून या वाक्याला काही अर्थ उरलेला नाही. तरीही क्रेडिट कार्डाची थकबाकी तशीच ठेवून, प्रसंगी उसने घेऊन पॉलिसीचा हप्ता भरला जातो, म्हणून हे पत्र.

पगार 9 लाख धरू. नव्या करप्रणालीत (जिथे विम्यासारख्या गुंतवणुकीची वजावट मिळत नाही) पगारदारांना पावतीविना मिळणारी 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन 8 लाख 25 हजार उरतात. त्यावर कर निघतो 22,500 रुपये; पण करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्याने तो सगळाच माफ होतो. हाच माणूस जुन्या प्रणालीत राहिला आणि 80सी कलमाखालील करबचतीच्या गुंतवणुकीचे दीड लाख व आरोग्यविम्याचे 25 हजार पुरेपूर दाखवले, तरी 50 हजारांच्या प्रमाणित वजावटीनंतर 6 लाख 75 हजार करपात्र राहतात आणि उपकरासह 49,400 रुपये भरावे लागतात. जुन्या प्रणालीत शून्यावर यायचे तर करपात्र रक्कम 5 लाखांपर्यंत उतरावी लागते. गृहकर्जाचे व्याज किंवा मोठे घरभाडे असेल तरच ते जमते, आणि नव्या प्रणालीत तोच शून्य एकही पावती न जोडता मिळतो.

मग ते पैसे कुठे जावेत? आधी क्रेडिट कार्डावर. पारंपरिक एन्डाउमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीचा परतावा साधारण पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असतो. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी वर्षाला 42 टक्के होते. 60 हजारांची बाकी असेल तर महिन्याचे व्याज 2,100 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 378, म्हणजे 2,478. बिलावरची 'किमान देय रक्कम' बाकीच्या 5 टक्के धरली तर 3,000. ती इमानाने भरणाऱ्याचे मुद्दल महिन्याला जेमतेम 522 रुपयांनी कमी होते. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून बाकी शून्य होईपर्यंत ते कार्ड वापरायचेच नाही. किराणा आणि पेट्रोल त्याच कार्डावर चालू ठेवून थकबाकी फेडायला निघालेल्यांचे गणित इथेच फसते.

एकरकमी फेडणे शक्य नसेल तर नोकरीच्या ठिकाणच्या पगारदार पतसंस्थेचे कर्ज किंवा सोनेतारण काढून कार्ड मोकळे करावे. मात्र दर 'फ्लॅट' आहे की घटत्या शिलकीवर, हे सही करण्याआधी विचारावे. 1 लाखावर 3 वर्षांसाठी 12 टक्के फ्लॅट म्हणजे 36 हजार व्याज आणि दरमहा सुमारे 3,778 रुपयांचा हप्ता. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर 21 टक्क्यांच्या वर जातो, कारण मुद्दल फिटत आले तरी व्याज पूर्ण लाखावरच आकारलेले असते. बँका आणि वित्त कंपन्यांना 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ कर्जासोबत सर्व शुल्के धरून आलेला वार्षिक दर लिहिलेले तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. ते मागून घ्यावे आणि दोन ठिकाणची तुलना त्याच आकड्यावरून करावी. गृहकर्जाचा दर सगळ्यात कमी असतो, ते शेवटी फेडावे. पतसंस्थेतून कर्ज घेणे आणि तिथे आयुष्याची पुंजी ठेवणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत: बँकेतील ठेवींना असलेले 5 लाखांचे ठेवविमा संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नाही.

घेऊन ठेवलेल्या पॉलिसीचे काय, हा पुढचा प्रश्न. कागद हाती पडून 30 दिवस झाले नसतील तर 'फ्री-लूक' मुदतीत ती परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. काही वर्षे हप्ते भरलेली पॉलिसी सरेंडर करण्याआधी 'पेड-अप'चा, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवण्याचा, आकडा लेखी मागावा. 20 वर्षांच्या मुदतीत 5 वर्षे हप्ते भरले असतील तर 5 लाखांचे विमाछत्र सव्वा लाखावर येते, पुढचा हप्ता थांबतो आणि जमा झालेला बोनस राहतो. दोन वर्षांचे हप्ते होण्याआधी पॉलिसी सोडली तर जुन्या प्रणालीत घेतलेली वजावट पुन्हा उत्पन्नात धरली जाते, हे ध्यानात असू द्यावे. घरात कमावते माणूस एकच असेल तर आधी मुदत विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यूची जोखीम झाकणारा) सुरू होऊ द्यावा, मगच जुनी पॉलिसी हलवावी. आरोग्यविमा करासाठी नव्हताच. तो बंद करू नये. पीपीएफ खाते वर्षाला 500 रुपये भरून जिवंत ठेवता येते, आणि त्याचे व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त आहे.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. शेअर किंवा म्युच्युअल फंडाच्या नफ्यावर जो विशेष दराने कर लागतो, त्याला 12 लाखांची माफी लागू नाही. आणि माफीमुळे कर शून्य झाला तरी उत्पन्न 4 लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र भरावेच लागते. पगार पावणेतेरा लाखांच्या किंचित वर गेला तर घाबरण्याचे कारण नाही: 12 लाख 85 हजार पगारावर सीमांत सवलतीमुळे (मर्यादेच्या वरच्या रकमेपेक्षा कर जास्त न होऊ देणारी तरतूद) उपकरासह 10,400 रुपयेच कर पडतो.

कार्यालयांच्या लेखा विभागांना विनंती आहे की गुंतवणुकीचा तपशील मागणाऱ्या अर्जाच्या वरच्या बाजूला दोन्ही प्रणालींतील त्या कर्मचाऱ्याचा कर छापावा. पगाराचा आकडा त्यांच्याकडे असतोच. आणि हा अर्ज जानेवारीऐवजी एप्रिलमध्येच हाती पडला, तर वर्षभराच्या हप्त्यांचा निर्णय आकडे समोर ठेवून घेता येईल.

— एक करसल्लागार, सांगली