मुक्ता, वर्गणी मागण्याआधी

आंजर्ले,
१० ऑगस्ट २०२५

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मंडणगडकडच्या त्या मुलींच्या वसतिगृहासाठी ऑफिसात वर्गणी गोळा करू का, असं तू विचारल्याला तीन आठवडे होत आले. दोनदा आठवणही केलीस. फोनवर सांगायला गेलो तर निम्मं राहून जाईल, म्हणून लिहायला बसलो. नारळी पौर्णिमा परवा झाली. आज पाऊस जरा उघडलाय आणि तुझी आई मागच्या पडवीत नारळ सोलत बसली आहे.

आधी उत्तर सांगतो. काम खरं आहे, मी डोळ्यांनी पाहून आलो. हिशोब मात्र अजून सरळ नाही. तुला तुझ्या पगारातले द्यायचे असतील तर जरूर दे. ऑफिसातल्या साठ जणांकडून गोळा करणं तेवढं सध्या थांबव. असं का म्हणतो ते समजायला तुला पाच वर्षं मागची एक गोष्ट ऐकावी लागेल. ती मी तुला कधी सांगितली नव्हती.

३ जून २०२०ची, निसर्ग वादळाची दुपार तू विसरली नसशील. बारावी झाली होती तुझी. आपण तिघं माजघरात अंग चोरून बसलो होतो आणि वर कौलं उडत होती. वारा पडल्यावर बाहेर आलो तर आगरातल्या पोफळी जमिनीवर आडव्या, आजोबांनी लावलेल्या माडांपैकी चारच उभे. वीज यायला महिना उलटला. हे तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

जूनच्या अखेरीस दोघं जण जीप घेऊन वाडीत आले. गळ्यात ओळखपत्रं, हातात छापील पावतीपुस्तक, मोबाइलमध्ये दुसऱ्या गावांत छपराचे पत्रे वाटल्याचे फोटो. म्हणाले, चाळीस घरांना पत्रे देतो, निम्मे पैसे आमचे, निम्मे तुमच्या मुंबईकरांनी उभे करावेत. बोलणं साधं, सरळ. मी बँकेत ३२ वर्षं काढलेला माणूस. कर्जाच्या प्रकरणात सातबाऱ्यावर एक फेरफार चढवायचा राहिला असला तरी फाइल परत पाठवायचो. त्या दिवशी पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का, एवढंही पाहिलं नाही. घरांवर छप्पर नाही, पाऊस डोक्यावर आणि दारात कोणीतरी मदत घेऊन उभं. मी वाडीच्या मुंबई मंडळाला फोन लावला आणि सांगितलं, "माणसं चांगली आहेत, मी बोललोय." त्या एका वाक्यावर १ लाख ८४ हजार रुपये जमले. टाळेबंदीत ज्यांचे पगार बंद होते त्यांनीसुद्धा पाचशे-हजार पाठवले.

अकरा घरांचे पत्रे आले. मग फोन लागेनासा झाला. पावती बाहेर काढून पाहिली तर तिच्यावर संस्थेचं नाव, एक मोबाइल नंबर आणि वाचता न येणारी सही. पैसे गेले ते खातं एका माणसाच्या खाजगी नावावर. वरच्या आळीतल्या एका म्हातारीने तो अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. मंडळातला माझा एक बालमित्र एवढंच म्हणाला, "तू सांगितलंस म्हणून दिले रे." तो भांडला असता तर मला सोसलं असतं. माझे स्वतःचे पाच हजार गेले, त्याचं मी मनाला लावून घेतलेलं नाही. पण लोकांचे माझ्या शब्दावर गेले, ते रात्री-बेरात्री अजून आठवतात.

तुझ्या ऑफिसातली मंडळी वसतिगृहाला ओळखत नाहीत. ती तुला ओळखतात.

आता मी काय काय पाहिलं ते सांगतो. तू पाठवलेल्या पत्रकावर नोंदणी क्रमांक होता, ही बरी सुरुवात. आपल्या राज्यातला कुठलाही सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. क्रमांकाआधी एक अक्षर असतं. 'एफ' असेल तर ती १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालचीही संस्था. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव शोधलं, सापडलं. पण नाव सापडलं यावरून एवढंच कळतं की कधीकाळी कोणीतरी संस्था काढली होती. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरच्या क्रमांकाचंही तसंच. पत्रकावर तो ठळक छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सरकारने संस्था तपासून दिली. ती फक्त नोंद आहे.

म्हणून पहाटेची एसटी धरून रत्नागिरीला गेलो. दिवस मोडला, पण सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात अर्ज करून, नकलेची फी भरून परिशिष्ट एकचा उतारा मिळाला. जमिनीला जसा सातबारा, तसा न्यासाला हा उतारा. हेतू काय, विश्वस्त कोण, मालमत्ता कोणती, सगळं त्यात असतं. सात विश्वस्तांची नावं होती. गावात चौकशी केली तर दोघं वारलेत आणि एक जण मुलाकडे ठाण्याला कायमचे राहायला गेलेत. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो दिलेलाच नाही. दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशोब दाखल करायचा, तो शेवटचा दाखल आहे २०२०-२१चा.

हे एवढंच पाहून घरी आलो असतो तर तुला "देऊ नकोस" असं कळवून मोकळा झालो असतो. आणि ते चुकलं असतं.

पुढच्या मंगळवारी न कळवता वसतिगृहावर गेलो. दुपारचे चार वाजले होते, मुली शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. तेवीस आहेत. त्यांच्या वाड्यांपासून हायस्कूल इतकं लांब की वसतिगृह नसतं तर सातवीनंतर घरी बसल्या असत्या. स्वयंपाकघरात भात शिजत होता, कोठीत तांदळाची तीन पोती, भिंतीवर कोणाची भांडी घासायची पाळी ते लिहिलेलं. एक मुलगी पायरीवर बसून बीजगणित सोडवत होती. तिने मला विचारलं, "सर, तपासणीला आलात का?" मी म्हटलं, "हो, आलोय."

वसतिगृह चालवणारे गुरुजी चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. हिशोब दाखवा म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आठी आली नाही. आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणि शंभर पानी वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. डब्यात बिलं. वहीत दोन किलो तूरडाळसुद्धा तारीख घालून लिहिलेली. पण रोजच्या जमाखर्चाची कीर्द नाही, खातेवार खतावणी नाही. आणि कळीची गोष्ट म्हणजे देणग्या आणि गुरुजींची पेन्शन एकाच खात्यात. न्यासाचं खातं बँकेत आहे, पण केवायसी अपुरी म्हणून ते बंद पडलं, तेव्हापासून पत्रकावर गुरुजींचाच क्यूआर कोड छापतात. आधीचे सीए वारले, नव्यांची फी परवडेना, वर्ष गेलं, मग दुसरं गेलं. "चार वर्षांत देणगी देणाऱ्यांपैकी कोणीच हिशोब विचारला नाही," गुरुजी म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, त्यांना खरंच कोणीतरी विचारायला हवं होतं.

तिथला एक तरुण कार्यकर्ता मात्र चिडला. "काका, मुलींच्या पोटाचं बघायचं की कागदांचं?" त्याला मी म्हटलं, उद्या गुरुजींना काही झालं तर त्या खात्यातले पैसे बँकेच्या लेखी त्यांच्या वारसांचे होतील, मग या तेवीस जणींचं पोट कशावर चालेल? तो गप्प झाला. थोड्या वेळाने स्वतःच चहा घेऊन आला. त्याचा राग मला समजतो. राबणाऱ्या माणसाला कागद मागितला की आपल्यावर चोरीचा आळ घेतल्यासारखं वाटतं. तसं वाटू नये असं विचारायचं, पण विचारायचं नक्की.

क्यूआर कोडवरून आठवलं. तू पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचं नाव येतं ना, ते पाहिल्याशिवाय पिन टाकत जाऊ नकोस. तिथे न्यासाचंच नाव हवं. मार्च २०२०मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि काही दिवसांतच एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेले बनावट यूपीआय पत्ते फिरू लागले होते. पैसे चुकून गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर पैसे पुढच्या खात्यात पोचलेले असतात.

तुझे सहकारी ८०जीची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवायची, पावती मागतील. त्यांना सांग, नव्या करप्रणालीत असाल तर ८०जीची वजावट मिळतच नाही आणि तुम्ही बहुतेक जण तिच्यातच असाल. जुन्या प्रणालीतल्यांना संस्थेची साधी पावती पुरत नाही. संस्थेने प्राप्तिकर खात्याला देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत द्यायची, त्यानंतर १०बीई नावाचं प्रमाणपत्र निघतं, ते हवं. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीत धरत नाहीत. आणि कोणी २०२१च्या आधीचं "कायमस्वरूपी" ८०जी प्रमाणपत्र दाखवलं तर ते आता चालत नाही. सगळ्या संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली आहे आणि तिलाही मुदत असते. या वसतिगृहाकडे सध्या ८०जी नाही. पत्रकावर तसं लिहिलेलंही नाही, हे मला आवडलं.

तुझ्या मैत्रिणीने विचारलं म्हणे की पगारावर किती टक्के जातात. इथे एक स्वयंपाकीण बाई आणि रात्री राहणाऱ्या एक ताई, दोघींना मिळून जे मिळतं ते ऐकून मला वाईट वाटलं. बाईंनी फुकट राबावं अशी अपेक्षा ठेवणारा दाता मला पटत नाही. मी टक्का पाहत नाही, जमाखर्चात "इतर खर्च" या ओळीसमोर किती रक्कम आहे ते पाहतो. गडबड असली तर ती बहुधा तिथे सापडते.

तू मला दुसराही एक मेसेज पाठवला होतास, कुठल्याशा बाळाच्या शस्त्रक्रियेचा. त्याची मी चौकशी करू शकलेलो नाही. तुला मुंबईत सोपं जाईल. रुग्णालयाचा नंबर मेसेजमधून घेऊ नकोस, स्वतः शोध, बिलिंगला विचार, रुग्ण खरंच दाखल असेल तर पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भर. आणि ते धर्मादाय रुग्णालय आहे का तेही विचार. तसं असेल तर त्याच १९५०च्या कायद्याच्या ४१ कक कलमाखालच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन अर्ज करायचा असतो. आपल्याकडून मुंबईला गेलेली माणसं शेत गहाण टाकतात, पण हे त्यांना कोणी सांगत नाही. कधी कधी आपल्या दोन हजारांपेक्षा त्या घरच्यांना ही माहिती जास्त उपयोगी पडेल.

आता पुढचं. मी दर मंगळवारी दापोलीहून मंडणगडची गाडी पकडून तिकडे जातो आहे. डब्यातली बिलं लावून कीर्द लिहून काढतोय. २०२१-२२ झालं, २०२२-२३ अर्धं झालंय. गुरुजींच्या पेन्शनच्या रकमा वेगळ्या काढल्या तेव्हा दिसलं की संस्थेचं त्यांच्याकडे काही येणं नाही. उलट त्यांनीच घरचे पैसे घातलेत, वर्षाला जवळजवळ चाळीस हजार. हे त्यांच्या सूनबाईंनाही माहीत नव्हतं. खेडचे एक सीए कमी फीमध्ये ऑडिट करायला तयार झालेत. बदल अर्जासाठी विश्वस्तांची सभा गणपतीनंतर ठेवली आहे, त्या तरुण कार्यकर्त्याचं नाव नव्या विश्वस्तांत सुचवणार आहेत. न्यासाचं खातं सुरू झालं आणि हिशोब दाखल झाला की पोचपावतीचा फोटो तुला पाठवतो. तुझ्या मेसेजमध्ये तो वर लाव, आवाहन खाली. आणि कोणाचे किती आले, कुठे खर्च झाले हे सहा महिन्यांनी, जिथे आवाहन टाकशील त्याच ग्रुपवर कळवायचं, एवढं तू आजच ठरवून ठेव. तांदळाच्या पोत्यांसाठी आत्ता काही पाठवायचं असेल तर मंडणगडच्या दुकानदाराला थेट भर, बिल न्यासाच्या नावाने करायला सांग, मी डब्यात लावतो.

२७ तारखेला गणपती. तुझी गाडी कोणती ते कळव, खेड स्टेशनला घ्यायला येईन. आईने आगळ आणि आमसुलं तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत. येताना दादरहून लाल कापडी पाठीच्या दोन जाड कीर्द वह्या घेऊन ये, दापोलीत मिळत नाहीत आणि माझी वही सप्टेंबर २०२२पाशी संपली आहे.

तुझा,
बाबा