राखेची रेघ

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळे इकडे येणार हे वाचून घरात आनंद झाला. पण चिरंजीव गोठ्याच्या दारातूनच रडत मागे फिरतो आणि भावंडे त्याला भित्रा म्हणून चिडवतात, हेही तू लिहिले आहेस. या बाबतीत सल्ला देण्याचा माझा अधिकार एवढाच, की धाकटीच्या वेळी मी सुरुवातीला सगळे चुकीचेच केले होते.

ती पाच वर्षांची असताना, ‘काही करत नाही गं ती’ असे म्हणत मी तिला उचलले आणि तिचा हात बळेच आमच्या चंद्रीच्या पाठीवर ठेवला. चंद्री पंढरपुरी म्हैस. या जातीची शिंगे तलवारीसारखी मागे पार खांद्यापर्यंत जातात, हे तुला ठाऊकच आहे. नेमकी त्याच वेळी तिच्या बरगडीवर गोमाशी बसली, ती हाकलायला म्हशीने मान मागे झटकली आणि शिंगाचे टोक पोरीच्या दंडाला ओझरते लागले. जखम म्हणावी असे काही नव्हते, पण पुढचे सात-आठ महिने ती गोठ्याकडे फिरकली नाही, आणि माझ्या ‘काही करत नाही’वरचा तिचा विश्वास कायमचा उडाला. तो उडायलाच हवा होता. एवढ्या थोरल्या जनावराला साडेतीन फुटांचे मूल घाबरते यात मला आता वावगे काही दिसत नाही. अजिबात न घाबरणारे पोर गोठ्यात शिरले, तर मात्र माझ्या छातीत धस्स होते.

मार्ग काढला तो आईने. तिने पोरीला समजावले नाही की ओढून नेले नाही. चंद्रीचे दावे पुरते ताणले तर तिचे तोंड आणि शिंगे कुठवर पोहोचतील, एवढे पाहून तिने त्याच्याही हातभर बाहेर चुलीतल्या राखेची रेघ ओढली आणि म्हणाली, “हिच्या अलीकडं म्हस येत नाही. तू पलीकडं जायचं का नाही, ते तुझं तू बघ.” मग तिने पोरीला रेघेबाहेर पाटावर बसवून काम दिले, म्हैस एक घास किती वेळा चावते ते मोजण्याचे. दुपारी रवंथ करणारे जनावर एका घासाला साधारण पन्नासदा तरी जबडा फिरवते. चौथ्या दिवशी पोरगी धावत येऊन सांगू लागली, की घास गिळल्यावर चंद्री क्षणभर थांबते आणि मग मानेतून खालून वर एक गोळा सरकत येताना दिसतो. इतकी वर्षे धार काढूनही मी तो कधी नीट पाहिला नव्हता.

आईने नंतर तिला विचारले, “नक्की कशाचं भ्या वाटतंय?” आम्ही शिंगांचे समजून चाललो होतो, पोरीला भीती होती चावण्याची. तेव्हा आईने चंद्रीचा वरचा ओठ उचलून दाखवला. गाई-म्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, नुसती टणक हिरडी असते. त्या वैरण जिभेने ओढून घेतात. त्या संध्याकाळी पोरीने रेघेबाहेरूनच उसाचे लांब वाडे पुढे केले. दुसऱ्या टोकाला खरखरीत जिभेची ओढ लागताच तिने ते सोडले, आणि लगेच दुसरे उचलले. रेघ ओलांडायला तिला आणखी तीन आठवडे लागले. घाई कुणी केली नाही.

मग मी तिला जनावर वाचायला शिकवले. म्हशीचे डोळे दोन्ही बाजूंना असल्याने तिला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून आधी हाक द्यायची आणि खांद्याच्या बाजूने जायचे, शेपटीकडून कधीच नाही. ती लाथ मागे मारतेच, शिवाय पाय पुढे काढून बाजूलाही झाडते, तेव्हा मागच्या पायाशेजारी उभे राहणेही सुरक्षित नाही. आणि नुकती व्यालेली म्हैस एरवी कितीही गरीब असली, तरी मुलाने तिच्याजवळ जायचे नाही.

लहान मुलाने रेडकापासून सुरुवात करावी असे बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. रेडकू अचानक उसळते, ढुशी देते, बोटे चोखते. घाबरलेल्या मुलाला जनावर पुढे काय करील याचा अंदाज हवा असतो, आणि तो जुनी दुभती म्हैसच देते.

तुम्ही याल तेव्हा पहिल्या संध्याकाळी त्याला गोठ्यात न नेता गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेऊ. तिथे भर रस्त्यात म्हशी शांतपणे उभ्या असतात, शेजारी माणसे धारोष्ण दुधाचे पेले रिचवत असतात, आणि त्याच्याकडे कुणी खास लक्ष देणार नाही. (त्याला दूध मात्र घरी तापवलेलेच देऊ.) पाडव्याची म्हशींची मिरवणूक गच्चीवरूनच दाखवू. रंगवलेली शिंगे आणि मोरपिसे त्याला आवडतील, पण सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींचा आवाज आणि त्यांच्यामागून धावणाऱ्या म्हशी पाहिल्या, की माझ्यासारखाही दोन पावले मागे सरतो.

चिडवणाऱ्या भावंडांचे माझ्याकडे लागले. धाकटी आता नऊ वर्षांची आहे, चंद्रीला पेंड तीच घालते, पण शिंगाला अजून हात लावत नाही आणि मी लाव म्हणत नाही. त्याच्यासाठी रेघ आपणच ओढणार, असे तिने जाहीर केले आहे.

येताना त्याच्या मापाचे गमबूट घेऊन ये. गोठ्यात शेणावरून पाय घसरला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र