माझ्या पोराला दुसऱ्यांदा भूल का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या सव्वा वर्षाच्या मुलाला सरकारी रुग्णालयात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आत घेतलं. भूल दिली आणि चीर द्यायच्या आधीच वीज गेली. जनरेटर काही केल्या सुरू होईना. ऑपरेशन रद्द. पोर शुद्धीवर आलं ते ओरडतच; रात्रीपासून उपाशी, ओठ सुकलेले, सलाईनची पट्टी ओरबाडत होतं.

पावसाळ्याआधी नवा जनरेटर बसेल, असा शब्द आम्हाला मिळाला होता. कोकणात पावसात वीज जाते हे कुणाला ठाऊक नाही, साहेब?

"पुन्हा भूल देऊ, त्यात काय!" हे वर ऐकवलं. काय ते सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, डिसेंबर 2016 मध्ये दिला. सेव्होफ्लुरेन, प्रोपोफॉल, केटामिन ही भुलीची औषधं, सगळी त्या इशाऱ्याच्या यादीत आहेत. या वयात मेंदूच्या पेशी एकमेकींशी जोडल्या जात असतात, आणि प्राण्यांच्या पिल्लांत याच औषधांनी त्या मेलेल्या दिसल्या. माणसाच्या मुलांचं तसं सिद्ध झालेलं नाही. सात देशांतल्या 722 तान्ह्या बाळांचा अभ्यास झाला, सगळी हर्नियाचीच; एकदाच, तासाभराच्या आत दिलेल्या भुलीने पाचव्या वर्षीही बुद्धीत फरक पडला नव्हता. म्हणून मी निर्धास्त सही केली. कुणीही आईबापांनी भीतीपोटी ऑपरेशन टाळू नये, आतडं अडकलं तर जिवावर बेततं. पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 2018 च्या अभ्यासात एकाहून अधिक वेळा भूल मिळालेल्या मुलांचा बुद्ध्यांक शाबूत असला, तरी हातांची बारीक कामं आणि विचारांचा वेग थोडा मागे पडला होता. माझ्या लेकराची दुसरी वेळ आजारामुळे आलेली नाही. ती तुमच्या यंत्रणेने आणली.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं "जीए", म्हणजे पूर्ण भूल. कुठलं औषध, किती, किती मिनिटं, एक अक्षर नाही. पुढच्या डॉक्टरला मी काय दाखवू?

रात्र रात्र झोप नाही. तो चमचा धरतो तेव्हा मी त्याची बोटं बघत बसते.

मुंबईला न्या, नाहीतर गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, हा सल्ला तर ठरलेला. कुठल्या रस्त्याने? 2011 ला पनवेलपासून सुरू झालेलं मुंबई-गोवा महामार्गाचं काम अजून संपत नाही. दर गणपतीत खड्डे बुजवायच्या घोषणा, निवडणुकीत हात जोडणं, आणि आजारी पडलो की आम्ही परजिल्ह्यात नाहीतर परराज्यात. कोकणाने किती वर्षं हेच सोसायचं?

प्रत्येक मुलाच्या कार्डावर भुलीचं औषध आणि वेळ लिहिण्याचा आदेश काढा. लहान मुलांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ कायम नेमा. आणि माझ्या मुलाला पुढची तारीख याच महिन्यात द्या. त्या दिवशी त्याला आत नेण्याआधी जनरेटर माझ्यासमोर चालवून दाखवायचा. त्याशिवाय मी त्याला कडेवरून उतरवणार नाही.

कोकणातली एक आई