मोठी फिशटँक घेणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,

गेल्या पावसात म्हापशाला आमची चार फुटी टँक रात्री फुटली, हॉलभर पाणी, मासे तडफडताना बघवेना. काच वाईट नव्हती हो, स्टँड कललेला होता. दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमधे अडीचशे लिटर म्हणजे अडीचशे किलो नुसतं पाणीच, खडी वेगळी, आणि स्टँड जरासा वाकडा असला की सगळा ताण सिलिकॉनच्या जोडावर येतो, म्हणून आधी लेव्हल लावून बघा, खाली थर्माकोल घाला. आणि कृपा करून पहिल्याच दिवशी मासे सोडू नका, माशांच्या घाणीतून पाण्यात होणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढायला चारसहा आठवडे लागतात. गोव्यात पावसात लाईट जातेच, बॅटरीवाला एअरपंप ठेवाच.

एक वाचक, म्हापसा