सव्वा महिना तुझा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, टाका उसवला" एवढंच म्हणालीस आणि रडायला लागलीस. फोनवर मला धड सांगता येत नाही, मध्येच बाबा काहीतरी विचारतात, म्हणून लिहायला बसले. तू पाठवलेला फोटो चष्मा लावून नीट पाहिला. मग तुझं छाती लहान करण्याचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टर मॅडमशी बोलले. त्यांनाही तो फोटो दाखवला.

घाबरू नकोस. छातीखालच्या आडव्या टाक्यांना मधला उभा टाका जिथे येऊन मिळतो, बरोबर तिथेच ते नखाएवढं उघडलंय. त्या जागी कातडीचे तीन पदर एका टोकाला आणून शिवलेले असतात. ताण सगळ्यात जास्त तिथे, आणि रक्त पोचायला सगळ्यात लांबची जागाही तीच. म्हणून या ऑपरेशनमध्ये उघडलं तर बहुतेक तिथेच उघडतं, आणि पुष्कळ जणींचं उघडतं. त्यात तुझं काही चुकलं असं नाही. असं छोटं उघडलेलं सहसा पुन्हा शिवत नाहीत. ते तळातून वर भरत येतं. फोटोत आत जे लालबुंद, ओलसर, बारीक दाण्यांसारखं दिसतंय ना, तेच नवं मांस आहे. तेच बघून मॅडम म्हणाल्या, छान भरतंय. दिसायला भयंकर, पण लक्षण चांगलं. वेळ मात्र लागेल, काही आठवडेसुद्धा.

त्यांनी दिलेलं मलम आणि जाळीची पट्टी, बास. हात साबणाने धुऊनच ड्रेसिंगला लाव. आजीचा फोन येईल, ती हळद आणि तूप सांगेल. तिला हो म्हण आणि लावू नकोस. इतर ठिकाणी खपल्या धरल्यात, त्यांना खाज येईल. ओरबाडायच्या नाहीत, आपल्या आपण पडू देत.

आता मला खरं जे बोलायचंय ते. तुझ्या रूममेटकडून कळलं की तू केर काढतेस, बादली उचलतेस आणि लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून ऑफिसलाही जाऊन आलीस. का? "आता दुखत नाही" म्हणून. अगं, दुखायचं थांबलं म्हणजे जखम पक्की झाली असं नसतं. तीन आठवड्यांनी कापलेल्या जागेची ताकद मूळच्या कातडीच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतकी आलेली असते. तीन महिन्यांनी कुठे ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्यापुढे फारशी जात नाही. वरून मिटलेलं दिसतं, आत अजून काम चालूच असतं. त्या कामाला अन्न लागतं, झोप लागते आणि तुझे हात खाली राहायला लागतात.

आपल्या घरात बायकांना आडवं पडलेलं मी एकदाच पाहिलंय, बाळंतपणात. तू झालीस तेव्हा माझ्या आईनं मला सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कान बांधलेले, खोलीची दारं लावलेली. ही नुसती लोळते असं कुणाच्या मनातही आलं नाही. पुढे माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा टाके निघायच्या आत मी पोळ्या लाटत होते. घरात कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. बाळासाठी मिळते ती विसावण्याची मुभा बाईला तिच्या स्वतःच्या शरीरासाठी मिळू नये, हे मला अजिबात पटत नाही. मॅडमनी सांगितलेले सहा आठवडे म्हणजे जवळजवळ सव्वा महिनाच की. हा सव्वा महिना तुझा आहे आणि तो तू पुरा घ्यायचास, कुणाचं ओशाळं न होता. रूममेट केस धुऊन देते म्हणाली तर धुऊ दे. डबा लाव. ऑफिसात सांग की ऑपरेशन झालंय. कसलं, ते सांगायचं की नाही हे तुझ्या मर्जीवर.

फक्त शेकशेगडीतलं काही घेऊ नकोस. गरम पाण्याची पिशवी तर मुळीच नको, कारण छातीची कातडी बधिर आहे, भाजलं तरी कळायचं नाही.

उताणीच झोप, पाठीशी दोन उशा रचून. ती सपोर्टची ब्रा रात्रीही काढायची नाही. दोन आहेत, एक धुतली की दुसरी. चालणं मात्र रोज हवं, जमेल तेवढं, म्हणजे पायात रक्त साकळत नाही. स्कूटर अजून नको, पुण्याच्या खड्ड्यांत तर नकोच. जेवणात जखम भरण्यासाठी प्रथिनं लागतात: अंडी, मुगाचं घट्ट वरण, दही, पनीर. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नव्हतं तुझं, तर रात्री मनुका भिजत घाल. आणि ऑफिसखालच्या टपरीवर सिगरेट ओढणाऱ्यांच्या घोळक्यात उभी राहू नकोस. धुराने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि तुझ्या त्या तीन पदरांना आत्ता थेंब थेंब हवाय.

तू विचारलंस, "आई, मी उगाच तर नाही ना केलं हे?" उगाच? तुझ्या खांद्यावरच्या त्या खाचा मी पाहिल्यात. ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या, इतक्या खोल की माझं बोट आडवं मावायचं. पावडर लावायला गेले की तू दचकायचीस. मे महिन्यात छातीखाली लाल चट्टे, बुरशी, मलमांच्या ट्यूबवर ट्यूब. नववीत खो-खो सोडलास तेव्हा घरी सांगितलंस, अभ्यास आहे. खरं कारण मला माहीत होतं, पळताना बघणाऱ्यांच्या नजरा आणि खाली मान. पुढे पाठच वाकली. मानेचे एक्स-रे झाले, फिजिओथेरपी झाली, वजन उतरवून झालं, छाती काही उतरली नाही. दोन्हीकडचं मिळून सव्वा किलो काढलं मॅडमनी. इतकं ओझं मानेला टांगून तू बारा-पंधरा वर्षं वावरलीस. काढलेला भाग तपासायला गेला होता, त्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे. कागद बाबांच्या फाईलमध्ये आहे.

आत्या म्हणाली, देवानं दिलेलं कशाला कापायचं, हे नटनट्यांचे प्रकार. मी तिला सिमोना हालेपचं सांगितलं. रोमानियाची टेनिसपटू. २००९ मध्ये, सतराव्या वर्षी, तिनं हेच ऑपरेशन करून घेतलं, कारण खेळताना छातीचा भार आड यायचा. २०१८ मध्ये ती फ्रेंच ओपन जिंकली, २०१९ मध्ये विम्बल्डन. आत्या गप्प बसली. पटलं असं नाही म्हणत मी, पण गप्प बसली. विमा कंपनीनंही आधी तेच म्हटलं होतं, सौंदर्यासाठी केलंय म्हणून पैसे नाहीत. पण तब्येतीला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करायला हा उपचार गरजेचा आहे असं इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी दिलं तर तो नियम आड येत नाही. मॅडमचं पत्र, फिजिओचे कागद, त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असं सगळं जोडून बाबांनी पुन्हा अर्ज केलाय. निकाल काय लागायचा तो लागेल. बाबा चिकाटीनं मागे लागलेत, तो विषय त्यांच्यावर सोड.

निपलला काहीच लागत नाही म्हणून तू धसकली आहेस. हे मी मॅडमना खोदून खोदून विचारलं. त्यांनी ते कापून वेगळं केलेलं नाही. खालच्या मांसाच्या एका पट्ट्यासकट, त्यातलं रक्त चालू ठेवून, नुसतं वर सरकवलंय. ही युक्ती आपल्याकडची फार जुनी आहे. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात नवं नाक बसवलं गेलं, त्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये चित्रासकट छापून आली होती. कपाळाची कातडी खाली वळवली, पण नाकाच्या मुळाशी ती जोडलेलीच ठेवली, म्हणून जगली. तुझंही तसंच जोडलेलं आहे. रंग चांगला गुलाबी-तपकिरी आहे, म्हणजे रक्त पोचतंय. संवेदना मात्र नसांवर अवलंबून. त्या हळू वाढतात, महिने जातात. मधूनच सुई टोचल्यासारखं, विजेसारखं चमकतं म्हणालीस, तशी चमक नसा जाग्या होताना येते. काही जणींची संवेदना पूर्ण परतते, काहींची कमीच राहते. हे मॅडमनी ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं आणि तू विचार करून सही केली होतीस. पुढे बाळाला पाजता येईल का, हेही तसंच: पुष्कळ जणींना येतं, काहींना थोडं, काहींना नाही. आज त्याचा घोर लावून घेऊ नकोस. कुणी विचारलंच तर माझ्याकडे पाठव.

आरशात बघून "चौकोनी दिसतेय, वरवर चढवल्यासारखी" म्हणालीस. सूज आहे ती. उतरायला तीन महिने, कधी सहाही लागतात. मग छाती खाली बसते आणि गोलाई येते. एक बाजू आधी उतरेल, दुसरी मागून. तोवर नव्या ब्रा विकत घेऊ नकोस, मापं बदलतील. जखमा पूर्ण मिटल्या की सिलिकॉनची पट्टी सुरू करायची आहे. एक गोष्ट मात्र मॅडमना स्वतः सांग: आत्याच्या कानाच्या पाळीला टोचल्या जागी गाठ आली होती, ती अजून आहे. व्रण वर उचलून येण्याचा गुण घराण्यात असतो, आणि आपल्या वर्णाच्या कातडीत तो जास्त दिसतो. वेळेत कळलं तर उपाय करता येतात. व्रण आधी लाल, मग काळपट, आणि वर्ष-दीड वर्षांनी फिके होत जातील. पुसले जाणार नाहीत.

रडू येतं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. भूल, औषधं, अपुरी झोप, एकटेपण, सगळं एकदम अंगावर आलंय. शरीर इतकं बदललं की मन मागे रेंगाळतं. पण पंधरा दिवसांनीही तसंच वाटत राहिलं तर तेही मॅडमना सांगायचं, जखमेसारखंच.

आणि हे कपाटाच्या दारावर लिहून लाव: ताप आला, लाली पसरत चालली, घाण वासाचा पू आला, एक बाजू अचानक टणक होऊन फुगली किंवा निपल काळंनिळं पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असली तरी मॅडमना फोन. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तर फोनमध्येही वेळ घालवायचा नाही, सरळ इमर्जन्सीत. आधी हॉस्पिटल, मग मला फोन.

शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने मी येतेय. शनिवारी अपॉइंटमेंटला दोघी जाऊ. पळायला कधी सुरुवात करायची ते तुलाच विचारायचंय ना, तर तुझे प्रश्न कागदावर लिहून ठेव, आत गेल्यावर तू विसरतेस. येताना अंडी आणि मूग आणते. तू पिशवी घ्यायला खाली उतरू नकोस.

तुझी,
आई